ॲडमिशनची एजन्सी: जाहिरात झक्कास, फोनवर सगळा आनंद

आमचं इंजिनिअरिंग कॉलेज कणकवलीकडचं. गेल्या सीझनला संस्थेने मुंबईची एक मार्केटिंग एजन्सी नेमली आणि ॲडमिशन कमिटीत असल्याने त्यांच्याशी रोजची गाठ माझी. नाव लिहीत नाही, पण असं पॅकेज घेणाऱ्या कोकणातल्या कॉलेजांनी हे वाचावं.

आधी चांगलं. रील्स देखणे, वेबसाइट मोबाइलवर पटकन उघडायला लागली, आणि चौकशी कुठून आली, कोणी उत्तर दिलं याची एक शीट त्यांनी लावून दिली. ती आम्ही अजून वापरतो.

पण टेलिकॉलिंग! कॉल सेंटरची मुलगी हिंदीत घडाघडा बोलायची. एका आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माका काय समाजणा नाय, मुंबैक झीलाक इचार." म्हणजे मला काही समजत नाही, मुंबईला मुलाला विचार. शीटमध्ये नोंद पडली, 'नॉट इंटरेस्टेड'. अहो, ती बाई नाही म्हणालीच नव्हती! आमच्याकडे धाकट्या बहिणीचं कॉलेज डोंबिवली-विरारला नोकरी करणारा भाऊ नाहीतर काका ठरवतो, तेही मे महिन्यात चाकरमानी गावाला आले की. फेसबुकच्या जाहिराती मात्र फक्त सिंधुदुर्ग-रत्नागिरीत दाखवायच्या असं एजन्सीने ठरवलेलं. मी बोललो, तेव्हा मुंबई उपनगरं जोडली. तोवर मे उलटला होता.

दुसरी गोष्ट लीडची, म्हणजे चौकशी करणाऱ्यांच्या यादीची. दर सोमवारी आकडा फुगलेला. पण सीट मिळते कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, सीईटी या प्रवेश परीक्षेच्या मार्कांवर, मुलाने ऑप्शन फॉर्ममध्ये आम्हाला कितव्या नंबरला टाकलंय त्यावर. लीडमध्ये अकरावीची पोरं, आर्ट्सवालेसुद्धा. यातल्या किती जणांनी सीईटी दिली, एवढं साधं विचारलं तर उत्तर नाही.

आणि सगळ्यात खटकलं ते हे. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसीतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना कॅपमधून व्यावसायिक कोर्सला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. आमच्या भागात याहून मोठी जाहिरात कुठली? पोस्टरवर मात्र 'ड्रीम बिग' आणि कुठल्या तरी परदेशी लॉनवर हसणारी मुलं. आमच्या चिऱ्याच्या इमारतीचा एक फोटो नाही. फीमाफी सांगत होते ते आमच्या स्कॉलरशिप खिडकीवरचे भाऊ. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून कसा काढायचा, सेतूत कोणते कागद न्यायचे, सगळं तोंडपाठ. त्यांना कोणी मार्केटिंगच्या मीटिंगला बोलावलंच नव्हतं.

आता भाऊ टीममध्ये आहेत. सोबत ज्युनिअर कॉलेजांत ओळख असलेले गणिताचे सर, आणि आमच्याचकडून पास होऊन ठाण्याला नोकरी करणारी एक मुलगी, जी संध्याकाळी मुंबईतल्या भावा-काकांना मालवणीत फोन करते. तिला मानधन द्यायला लावलं. फुकटात 'माजी विद्यार्थी योगदान' नको.

एजन्सीला पाचपैकी अडीच. यंदा व्हिडिओ आणि जाहिराती त्यांच्याकडेच राहतील, टेलिकॉलिंग बंद. आणि करार फेब्रुवारीच्या आत, मेमध्ये घाईघाईने नव्हे.