ई-रीडरसाठी ईपब, एझेडडब्ल्यू३ की पीडीएफ?

पुस्तकाची एकच प्रत जपायची असेल तर ती ईपब या ई-पुस्तकांच्या खुल्या फॉरमॅटमध्ये ठेवा. त्यातून बाकीचे फॉरमॅट हवे तेव्हा काढता येतात. पीडीएफमधून ईपब काढणं मात्र डोकेदुखी.

ईपब म्हणजे मुळात झिप फाइल. कॉपी करून एक्स्टेन्शन '.zip' केलं की आत एक्सएचटीएमएलमधली (वेबपानांच्या भाषेतली) प्रकरणं, सजावटीची सीएसएस फाइल, चित्रं, फॉन्ट सगळं दिसतं. मजकूर असा मोकळा असल्यामुळेच अक्षर मोठं केलं की ओळी नव्याने जुळतात. आत दुरुस्ती करून परत झिप करताना 'mimetype' ही फाइल सगळ्यात आधी आणि कॉम्प्रेस न करता घालावी लागते, नाहीतर काही रीडर पुस्तक उघडायलाच नकार देतात. त्यापेक्षा कॅलिबर या ई-पुस्तकांच्या मोफत सॉफ्टवेअरचा एडिटर बरा, तो हे परस्पर सांभाळतो.

किंडलवर केबलने टाकलेलं ईपब उघडत नाही. अ‍ॅमेझॉनच्या 'सेंड टू किंडल' सेवेने पाठवा (२०२२ पासून तिथे ईपब चालतं) किंवा कॅलिबरमध्ये एझेडडब्ल्यू३ (किंडलचा फॉरमॅट) करून किंडलच्या 'डॉक्युमेंट्स' फोल्डरमध्ये टाका. मोबी या किंडलच्या जुन्या फॉरमॅटच्या वाटेला जाऊ नका. जुन्या मोबीत फॉन्ट घालता येत नाही आणि सजावटही जेमतेम टिकते. कोबो रीडरवर साधं ईपब चालतंच. केपब (कोबोचा स्वतःचा ईपब प्रकार) केलं तर फाइलच्या नावाचा शेवट '.kepub.epub' असाच हवा.

आता पीडीएफ. ए४ पान २१० मिलिमीटर रुंद, सहा इंची पडदा साधारण ९०. म्हणजे १२ पॉइंटचं अक्षर पाचच्या आसपास येतं. रीडर आडवा धरला तरी सातच. गणितं, तक्ते, नकाशे यांना पीडीएफच हवं, पण त्यासाठी दहा इंची पडदा घ्या.

रूपांतराने हे सुटेल असं वाटतं, पण देवनागरीत ते फसतं. पीडीएफ अक्षरांचे आकार पानावर कुठे बसतात ते नोंदवतं, म्हणून ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येऊन 'दिवस'चा 'िदवस' होतो. युनिकोडपूर्व फॉन्टमधली पुस्तकं तर निव्वळ रोमन अक्षरांचा चिवडा होऊन बाहेर पडतात. तपासायला दहा सेकंद पुरतात: पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे धड दिसली नाही तर कॅलिबरमध्येही दिसणार नाही; मग ओसीआर (पानाच्या चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर काढणं) करून हाताने मुद्रितशोधन, दुसरा इलाज नाही.