पाच वॅट, सव्वादहा मीटर वायर: मोर्सच्या छोट्या संचाचा आठ महिन्यांचा अनुभव

दसऱ्याला चौकात सोनं लुटून आलो आणि त्याच रात्री सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं. आता जून लागलाय. मधल्या आठ महिन्यांत हौशी (हॅम) रेडिओच्या २० मीटर बँडच्या, म्हणजे तेवढ्या तरंगलांबीच्या, या एवढ्याशा संचावर १४३ संपर्क झाले, २९ देश झाले, तीन ट्रान्झिस्टर जळाले आणि शेजारच्या वहिनींशी दोनदा वाजलं. आमच्या हॅम क्लबात आठवड्याला एक तरी जण विचारतो, "घेऊ का?" म्हणून एकदाच काय ते लिहून टाकतो.

संच पत्त्यांच्या दोन कॅटांएवढा. फक्त सीडब्ल्यू, म्हणजे मोर्स. माइक लावायला भोकच नाही. १२ व्होल्टला चार ते पाच वॅट निघतात. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या धाटणीचे किट बऱ्याच ठिकाणचे मिळतात आणि आतली मांडणी जवळजवळ सारखी असते: फ्रिक्वेन्सी तयार करायला एसआय५३५१ चिप आणि शेवटी बीएस१७० जातीचे तीन बारके मॉस्फेट (एक प्रकारचे ट्रान्झिस्टर), क्लास-ई पद्धतीनं जोडलेले. ही पद्धत म्हणजे ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद, मधे रेंगाळायचं नाही. त्यामुळं बोटाच्या पेराएवढाही नसलेला ट्रान्झिस्टर हीट सिंकशिवाय काम करतो. पहिल्यांदा उघडून बघितलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. संच, बॅटरी, मोर्स पाडायचं पॅडल, वायर सगळं मिळून नऊ हजारांच्या आत बसवलं.

परवान्याचं आधी सांगतो, कारण नुसता संच बघून हुरळून जाणारेही भेटतात. पाच वॅट असले तरी मोर्सची की (पाठवायचा खटका) दाबायची तर परवाना लागतो. मी जनरल ग्रेडची परीक्षा दिली तेव्हा मोर्स मिनिटाला ८ शब्द होता. तेवढ्यावर पास होता येतं, हवेत तग धरता येत नाही, हे नंतर कळलं.

बांधणीला मला पाच रात्री लागल्या. त्यातल्या दोन एका टोरॉइडनं खाल्ल्या. अंगठीएवढ्या रिंगवर चार वेगवेगळी वेटोळी, एक लांब आणि तीन आखूड. तांब्याची इनॅमल वायर किटमधली तुटली, तेव्हा कोल्हापूरच्या उद्यमनगरात पंपाच्या मोटारी वाइंड करणाऱ्या दोस्ताकडं गेलो. त्यानं हातभर वायर दिली आणि रिंग बघून पोट धरून हसला. रोज किलोकिलोनं तांबं गुंडाळणारा माणूस तो. पण त्यानंच चूक पकडली. वायर रिंगच्या आतून जितक्यांदा जाते तितके वेढे मोजायचे. मी बाहेरून मोजत होतो आणि एक कमी पडत होता. दुसरी चूक मात्र माझी एकट्याची. वायरीवरचं इनॅमल नीट जाळलंच नव्हतं. वरून टाका चकचकीत, आत जोडणीच नाही. संच लागला, डिस्प्ले उजळला आणि कानात मसणशांतता. तुमचा संच बांधून झाल्यावर मुका निघाला तर चिपला शिव्या देण्याआधी मीटर घ्या आणि प्रत्येक वेटोळ्याची दोन्ही टोकं तपासा.

आता मुख्य प्रश्न: पाच वॅटात होतं काय? जीरो वॅटचा बल्बसुद्धा बरा, असं आमच्या घरीच म्हणून झालंय. हिशेब असा. १०० वॅटवरून ५ वॅटवर आलो की सिग्नल १३ डेसिबलनं उतरतो. मीटरवरचा एक एस-पॉइंट ६ डेसिबलचा धरतात, म्हणजे समोरच्याच्या मीटरचा काटा दोनाहून जरासा जास्त खाली. १०० वॅटला जो एस-७ होता तो एस-५ च्या आसपास. बँड शांत असेल तर एस-५ छान ऐकू येतो. शिवाय बोलण्याच्या सिग्नलला अडीचएक किलोहर्ट्‌झ जागा लागते, मोर्स २०० हर्ट्‌झच्या फिल्टरमधून आरामात जातो; खिडकी बारीक, त्यामुळं गोंगाटही कमी आत येतो. या एका गोष्टीवर दहाएक डेसिबल परत मिळतात. म्हणून पाच वॅटचा मोर्स आणि पाच वॅटचं बोलणं यांची तुलना करूच नका. क्लबात हैदराबादच्या अशर फरहान यांच्या रचनेचा बिटएक्स हा संच असलेले दोघं आहेत. त्यावर बोलताही येतं, ते समाधान वेगळं. पण गर्दीच्या वेळी तेही मोर्सवरच येतात.

२० मीटरच का घेतला? गच्ची बघून. १४.०६० मेगाहर्ट्‌झला, म्हणजे जिथं कमी शक्तीवाले जमतात तिथं, अर्ध्या तरंगाचा डायपोल (मधोमध केबल जोडलेली वायरची अंटेना) सव्वादहा मीटरच्या आत बसतो. मंगळवार पेठेतल्या आमच्या गच्चीवर ४० मीटरचा वीस मीटर लांबीचा डायपोल ताणायचा तर दुसरं टोक शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीवर जातं. चिव्याची उंच काठी मधोमध उभी केली, दोन्ही हात खाली उतरते बांधले. दुसऱ्या दिवशी सकाळी खालून हाक, "काय हो, जोतिबाची यात्रा चैत्रात, सासनकाठी आत्ताच उभी केली?" खालपर्यंत केबल टीव्हीवाल्याची उरलेली आरजी-६ वापरली. ती ७५ ओहमची, संच ५० चा मागतो, पण डायपोल स्वतःच त्या आसपासचा असल्यानं एसडब्ल्यूआर (अंटेनाकडून किती शक्ती परत येते त्याचं माप) दीडच्या वर गेला नाही. पाच वॅटातला एक वॅट केबलनं गिळला तर जीव तुटतो, म्हणून केबल लागेल तेवढीच ठेवा. गच्चीवर उरलेलं वेटोळं टांगून ठेवू नका.

पहिला संपर्क व्हायला नऊ दिवस लागले. रोज संध्याकाळी दुकान बंद करून यायचं, 'सीक्यू सीक्यू' (कुणी आहे का?) करत बसायचं, आणि कुणी ढुंकून बघत नाही. रिव्हर्स बीकन नेटवर्क म्हणून एक सोय आहे. जगभर ठेवलेले रिसिव्हर आपोआप मोर्स वाचतात आणि कुणाची हाक कुठं, किती जोरात ऐकू आली ते दाखवतात. तिथं बघितलं तर मी युरोपात तीन ठिकाणी ऐकू येत होतो, गोंगाटाच्या ६-७ डेसिबल वर. म्हणजे संच ठीक, वायर ठीक. बिघाड माझ्या सवयीत होता. पाच वॅटवाल्यानं बाजारात उभं राहून ओरडायचं नसतं. जो मोठ्यानं ओरडतोय त्याच्याजवळ जाऊन बोलायचं. दुसऱ्याच्या सीक्यूला उत्तर द्यायला लागलो आणि त्याच आठवड्यात व्होल्गाकाठच्या एकानं मला उत्तर दिलं. आधी फक्त 'व्हीयू?' एवढंच, म्हणजे भारतीय कॉलसाइनची सुरुवातीची अक्षरं. माझा उरलेला कॉलसाइन (रेडिओवरचं नाव) त्याला मिळालाच नव्हता. तीनदा पाठवला तेव्हा जमलं, रिपोर्ट ५५९ (सिग्नल कसा आला त्याचे गुण). माझा हात इतका थरथरत होता की पॅडलवर निरोपाचा ७३ नीट पाडता आला नाही.

यापुढं जो फरक पडला तो संचामुळं नव्हे, क्लबात येणाऱ्या तारमास्तरांमुळं. तार ऑफिसातून निवृत्त होऊन त्यांना जमाना झाला. देशातली तारसेवाच २०१३ च्या जुलैत बंद झाली. पहिल्या दिवशी हेडफोन कानाला लावून ते म्हणाले, "ही शिट्टी काय वाजालीय? आमचं कट्ट कडकट्ट असायचं." खरं होतं ते. तार ऑफिसातल्या जुन्या साउंडरमध्ये (तार ऐकायच्या यंत्रात) सूर नसतो, पट्टी खाली आपटली की एक ठोका, वर गेली की दुसरा, आणि दोन ठोक्यांतल्या अंतरावरून डिट (आखूड) की डा (लांब) ते ओळखायचं. दोन संध्याकाळी ते चाचपडले. तिसऱ्या दिवशी चहाची बशी हातात धरून, पेन्सिल न घेता, इटलीवाल्याचा अख्खा संदेश त्यांनी मला मराठीत सांगितला. आमच्या लहानपणी तार आली म्हटलं की उघडायच्या आधीच घरात रडारड सुरू व्हायची. त्यामुळं त्यांच्या तोंडून "त्याच्याकडं पाऊस पडतोय, अंटेना गच्चीवर आहे म्हणतोय" हे ऐकताना गंमत वाटली.

माझं पाठवणं ऐकून मात्र ते गप्प बसले. मग म्हणाले, "अक्षरं चांगली पाडतोस. जागा सोडत न्हाईस. बारक्या आवाजात बोलणाऱ्यानं दमानं बोलावं." नियम पुस्तकात आहेच: दोन अक्षरांत तीन डिटांएवढी जागा, दोन शब्दांत सात. मी संचातला कीयर (डिट-डा आपोआप पाडणारी सोय) मिनिटाला २० शब्दांवर ठेवून रुबाब करत होतो आणि शब्दांमधली जागा चारवर आणत होतो. गोंगाटातून माझा पुसटसा सूर ऐकणाऱ्याला एक शब्द कुठं संपला तेच कळत नसणार. वेग १४ वर आणला. या वेगाला एक डिट साधारण ८६ मिलिसेकंदांचा होतो. पुन्हा पाठवा म्हणणारे लक्षात येण्याइतके कमी झाले. हा फुकटातला सल्ला मला दोन डेसिबलच्या अंटेनापेक्षा जास्त उपयोगी पडला.

संचातल्या खोड्या सांगतो. एजीसी, म्हणजे आवाज आपोआप सांभाळणारी सोय, नाही. पुसट जपानी ऐकायला आवाज चढवून बसावं आणि शेजारच्याच फ्रिक्वेन्सीवर कुणी दणकट की दाबली की कानठळ्या. मी हेडफोनच्या वायरीत दोन डायोड उलटसुलट जोडले, आता बरं आहे. २०० हर्ट्‌झचा फिल्टर गर्दीत वरदान, पण तो रुंद करता येत नाही. बँडवर नुसता फेरफटका मारायचा तर अरुंद बोळातून चालल्यासारखं वाटतं, बाजूच्या गल्लीत कोण आहे ते दिसत नाही. मोर्स वाचून पडद्यावर अक्षरं दाखवणारा डिकोडर मी दुसऱ्या आठवड्यात बंद केला. सिग्नल जोरकस आणि पाठवणारा यंत्रासारखा असेल तरच तो वाचतो, आणि तसा सिग्नल मलाही वाचता येतो. फिरवायचं बटण फार लहान आहे. उद्यमनगरातल्या लेथवर ॲल्युमिनियमचं मोठं करून घेतलं, ते सगळ्यात समाधानाचं काम झालं.

गोंगाटाचं गाऱ्हाणं संचाकडं मांडून उपयोग नाही. दिवाळीत समोरच्या इमारतीवर माळा लागल्या आणि बँडवर एस-७ चा खरखराट बसला, तो तुळशीच्या लग्नापर्यंत हलला नाही. आमच्याच जिन्यातला स्वस्तातला एलईडी बल्ब दुसरा गुन्हेगार निघाला. लाइट गेली की गल्ली कुरकुरते आणि मी धावत वर जातो, कारण तेवढी वीस मिनिटं १४ मेगाहर्ट्‌झ धुतल्यासारखा स्वच्छ असतो. मे महिन्यात वळवाच्या ढगांनी कडकडाट सुरू केला की सरळ केबल काढून ठेवायची, त्यात शहाणपणा दाखवायचा नाही.

बॅटरी हा या संचाचा खरा मोठेपणा. ऐकताना ०.१ अँपिअर, पाठवताना अर्ध्याहून थोडा जास्त. ६ अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी रोज तासभर वापरूनही महिनाभर चार्जरची आठवण करून देत नाही. मात्र ती भरल्यावर १३ च्या वर व्होल्ट देते. संच १२ चा असेल तर मधे एक-दोन डायोड टाका, प्रत्येकी ०.७ व्होल्ट पडतात.

माझे तीन ट्रान्झिस्टर मात्र बॅटरीनं नाही, वाऱ्यानं घालवले. जानेवारीत पन्हाळ्याच्या पुढं मसाई पठारावर गेलो होतो. गळाची लांब काठी उभी करून वायर चढवली. एक गुराखी बराच वेळ बघत होता. शेवटी जवळ येऊन म्हणाला, "मासं कुठं हायत हितं?" त्याला समजावता समजावता झुळकेनं काठी कलली, प्लग निसटला, आणि मी बोलण्याच्या नादात की दाबली. अंटेनाशिवाय दाबलेली की या संचांना चालत नाही. तिन्ही गेले. पुण्याला जाणाऱ्या मित्राला तपकीर गल्लीतून दहा आणायला सांगितले, अख्ख्या पाकिटाला चहा-वड्याएवढा खर्च आला. तुम्ही किटबरोबरच आणून ठेवा.

काही जण २०१९ च्या पुराची आठवण काढून विचारतात, अशा वेळी हा संच कामाला येईल ना? मी नाहीच म्हणतो. २० मीटरचा सिग्नल वर जाऊन दूर उतरतो. मधला पट्टा मुका राहतो. आठ महिन्यांत मला सांगली एकदाही ऐकू आली नाही, पुणं नाही, बेळगाव नाही. कझाकस्तान मात्र रोज हाकेवर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडत असेल तेव्हा मला कझाकस्तानशी काय बोलायचंय? जिल्ह्यात बोलायला व्हीएचएफ (जवळच्या पल्ल्याचा रेडिओ) हवं, राज्यात बोलायला ४० किंवा ८० मीटर. आणि ज्याला रोज पंधरा मिनिटांत चार संपर्क हवेत त्यानंही या वाटेला येऊ नये. माझ्या कित्येक संध्याकाळी शून्यावर गेल्यात. शिवाय मी सुरुवात केली तेव्हा सौरचक्र २५ (सूर्यावरच्या डागांचा चढउतार; डाग जास्त तर दूरचं जास्त ऐकू येतं) अगदी शिखरावर होतं, ऑक्टोबर २०२४ मध्ये तशी घोषणाही झाली. माझे २९ देश वाचून हुरळू नका. सूर्य उतरणीला लागला की पाच वॅटवाल्यालाच ते आधी कळतं.

मी मात्र दुसरा संच मागवलाय, ४० मीटरचा. मास्तरांचे जुने सोबती मिरजेकडं आहेत, त्यांच्यापर्यंत पोचायचंय. वायर वीस मीटरची, दुसरं टोक शेवटी वहिनींच्याच टाकीला बांधावं लागणार. काल रीतसर विचारायला गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि अट घातली, दिवसा त्या वायरीवर त्या साड्या वाळत घालणार. मी हो म्हटलंय. ओल्या साड्यांनी एसडब्ल्यूआर किती बिघडतो ते मोजून सांगेन.