लोटस एलीज एस-१ : सगळं माफ, पण पाण्याचा दिवा कुठाय?

वजन, पिकअप, टॉप स्पीड हे सगळं ही गाडी शोधणाऱ्याला तोंडपाठ असतं, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. माझी १९९९ची एस-१, म्हणजे एलीज या लोटसच्या छोट्या स्पोर्ट्स कारची पहिली पिढी. इंजिन रोव्हर कंपनीचं १.८ लिटरचं के-सिरीज, ११८ बीएचपी, कापडी टप. दीडेक वर्ष झालं घेऊन. राहतो इंग्लंडात नॉर्विचला, म्हणजे गाडी जिथे बनली ते हेथेल घरापासून सात-आठ मैलांवर. त्याचा फायदा म्हणाल तर शून्य. उलट इथले मेकॅनिक लोटसचं नाव ऐकलं की दर वाढवतात.

लिहायला बसलो ते बिल बघून. ए-११वरून येताना एल्व्हडनच्या आसपास समोरच्या काचेवर वाफेसारखं काहीतरी आलं आणि केबिनमध्ये कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा, तो गोडसर वास. डॅशबोर्डवर काहीही नाही. एकही दिवा नाही. तापमानाचा आकडा नव्वदच्या आसपास निवांत बसलेला. गाडी बाजूला घेतली, थंड होऊ दिली, मागचं झाकण उघडलं, तर कूलंटची टाकी कोरडी.

आता माझं म्हणणं ऐका. या गाडीत तेलाच्या दाबाला दिवा आहे. हँडब्रेकला आहे, बॅटरीला आहे, अप्परला आहे. एक आडवा एलसीडी पडदा आहे, तो पाण्याचं तापमान अंशांत दाखवतो. पण पाणी आहे की संपलं, हे सांगणारा दिवा नाही. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तोवर खरं बोलतो. पाणीच उतरलं की तो हवेचं तापमान सांगत बसतो, आणि आपण तो आकडा बघून खूश.

वजन वाचवलं म्हणतात. कबूल. चासी ६८ किलोची, ॲल्युमिनियमचे पोकळ दांडे इपॉक्सीने चिकटवलेले. पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस नाही, एअरबॅग नाही, ब्रेकला पायाचा जोर वाढवणारा सर्वो नाही, काचा हाताने फिरवायच्या, पायाखाली उघडं ॲल्युमिनियम. हे सगळं मला मान्य आहे, त्यासाठीच घेतली. पण पाण्यावर तरंगणारा एक फ्लोट, एक बल्ब आणि दोन-तीन मीटर वायर, याचं वजन किती होतं? मी सकाळी इडलीचा एक घाणा कमी खाल्ला तरी तेवढं वाचतं.

दुसऱ्या एखाद्या गाडीत हा दिवा नसता तर मी एवढा तणतणलो नसतो. के-सिरीजमध्ये तो नसणं म्हणजे कमाल आहे. या इंजिनात मुळात पाणीच कमी. हेडपासून खालच्या तेलाच्या रेलपर्यंत आरपार जाणारे लांब बोल्ट, त्यांच्यात इंजिनाचे सगळे थर दाबून धरलेले. थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून पाण्याची वाट उघडणारी-मिटणारी झडप, पाणी इंजिनात शिरतं त्या बाजूला. एलीजमध्ये इंजिन पाठीमागे आणि रेडिएटर नाकापाशी, मध्ये लांबच लांब पाइप. थर्मोस्टॅट उघडला की तिकडचं गार पाणी एकदम तापलेल्या इंजिनात येतं, मग तो बंद होतो, मग पुन्हा उघडतो. इंजिनाचं डोकं आणि धड यांच्या सांध्यातली चकती, म्हणजे हेड गॅस्केट, तिला हे झटके आवडत नाहीत. त्यात पाणी थोडं जरी कमी झालं, तर थोडक्यातली गोष्ट फार लवकर महागात जाते. पुढे लँड रोव्हरच्या फ्रीलँडरसाठी थर्मोस्टॅटची जागा आणि तऱ्हा बदलली, अनेक पोलादी थरांचं गॅस्केट आलं, तेव्हा कुठे प्रकरण निवळलं. म्हणजे दोष काय आहे हे बनवणाऱ्यांना कळलं होतं. दिव्याचं मात्र कोणाला सुचलं नाही.

असो. गाडी उचलून नेली ती जवळच्या एका गॅरेजात. नाव देत नाही. बाहेर पाटी ‘स्पेशालिस्ट’ची. त्यांनी इंजिनाच्या झाकणाला हातसुद्धा लावला नाही. “के-सिरीज ना? हेड गॅस्केट.” कोट हातात. मी म्हटलं, आधी प्रेशर टेस्ट करा, पाण्याच्या पाइपांत दाब देऊन गळती कुठे ते बघा. तर त्याचे वेगळे पैसे, आणि वर “काही फायदा नाही” हा फुकटचा सल्ला. मी पुण्यात वाढलोय. फायदा आहे की नाही हे पैसे देणाऱ्याने ठरवायचं असतं.

मग ब्लॉक टेस्टर मागवला, पंचवीसेक पौंडांचा. निळं पाणी असतं त्यात. टाकीच्या तोंडाला लावायचं, इंजिन गरम करायचं, सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर निळ्याचं पिवळं होतं. त्यांच्याच आवारात, गळतंय तेवढं वरून ओतत, इंजिन गरम होईपर्यंत उभा राहिलो. पाणी निळं ते निळंच. तेलाची कांडी स्वच्छ, म्हणजे तेलात पाणी नाही. ते त्या माणसाला दाखवलं तर म्हणे, ही असली किट बेभरवशाची असतात. मी विचारलं, मग तुम्ही कशाच्या भरवशावर हेड उघडणार होता? यावर त्याने मला गाडी ठेवल्याचं भाडं सांगितलं. भाडं दिलं, पावती घेतली, गाडी ट्रेलरवर घालून घेऊन आलो.

खरा दोष सापडला एका शेडमध्ये एकट्याने काम करणाऱ्या म्हाताऱ्याकडे. रेडिएटर. मूळच्या रेडिएटरची जाळी ॲल्युमिनियमची आणि दोन्ही टोकांच्या टाक्या प्लास्टिकच्या. दोन्ही जिथे एकमेकांना दाबून बसवलेत, तिथून वय झालं की गळती सुरू होते. ज्यांच्याकडे अजून मूळचा आहे त्यांनी वाट बघू नये. पूर्ण ॲल्युमिनियमचा घ्या, किंमत फार नाही.

महाग आहे ते तिथवर पोचणं. एस-१चं नाक म्हणजे फायबरग्लासचा एकच मोठा तुकडा, त्याला क्लॅम म्हणतात. दिवे, चाकांवरची अस्तरं, दारापाशी लपलेले बोल्ट, सगळं सोडवून तो अख्खा उचलायचा. पंचवीस वर्षांचे बोल्ट आहेत, फिरतात थोडेच, तुटतात. रेडिएटर तीनशेच्या आतला आणि मजुरी त्याच्या दुपटीहून जास्त. त्यात ‘उघडलंच आहे तर करून घेऊ’ हा आपला घरोघरचा आजार. उघडलंच आहे तर रबराचे सगळे होस. उघडलंच आहे तर हीटरचं काम. उघडलंच आहे तर ब्रेकचं ऑइल. बिल अकराशे पौंडांच्या पुढे गेलं. बायकोने बिल वाचलं, घडी घातली आणि इतकंच म्हणाली, “हिच्यात डिकीत दोन पिशव्या मावतात ना रे?”

आता मत बदललं ते सांगतो. गाडी घेतली तेव्हा माझा पक्का विचार होता की हे इंजिन चाललं तोवर चालवायचं आणि बसलं की काढून होंडाचं टाकायचं. पुष्कळजण तसं करतात. या प्रकरणानंतर तो विचार सोडला. पाणी गेलं, तापमापक खोटं बोलला, तरी वेळेत थांबवल्यावर इंजिनाला काही झालं नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, चारही सिलिंडरला जवळपास सारखं. के-सिरीजला शिव्या घालण्यात मीही पुढे होतो, पण शिव्यांचा मोठा वाटा रेडिएटर, होस आणि टाकीच्या झाकणाच्या नावावर जायला हवा. इंजिन हलकं आहे, वर फिरायला उत्सुक आहे, आणि होंडाचं इंजिन टाकलं की गाडीचा पार्श्वभाग जड होतो तो वेगळाच.

याच रोव्हरने २००३ मध्ये पुण्याहून इंडिका आणून ‘सिटीरोव्हर’ म्हणून इथे विकली होती. २००५च्या एप्रिलमध्ये कंपनी बसली. इथल्या लोकांना सिटीरोव्हर म्हटलं की हसू येतं. मला नाही येत. आमच्या घरी इंडिका होती आणि तिने कधी पाण्यावरून रडवलं नाही.

बाबा उन्हाळ्यात आले होते तेव्हा त्यांना फेरी मारली. आत बसवणं हा एक कार्यक्रम. दाराखालचा कठडा रुंद, सीट जमिनीला टेकलेली, आधी पाय, मग बूड, मग दुसरा पाय, असं सांगत बसवलं. बाहेर काढताना शेजारच्या आजोबांची मदत लागली. दिव्याची तक्रार ऐकल्यावर बाबा म्हणाले, “अरे, आमच्या पद्मिनीला रोज सकाळी बॉनेट उघडून पाणी बघितल्याशिवाय चावी लावत नव्हतो. तुम्हाला प्रत्येक गोष्टीला दिवा लागतो.” मी म्हटलं, “अहो बाबा, पद्मिनी तुम्ही तीस वर्षांपूर्वी विकली.” तर म्हणे, “मग? पाणी बदललं का?” तेव्हापासून मी रोज सकाळी झाकण उघडून बघतो. इंजिन गार असतानाच, हे नव्याने गाडी घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. गरम टाकीचं झाकण उघडाल तर हात भाजेल.

चालवायला कशी आहे? हा प्रश्न खरं तर पहिला यायला हवा होता. नॉर्विचहून होल्टकडे जाणारा बी-११४९ आहे, सरळ भाग, मग झाडीतून मऊ वळणं. तिथे पन्नास-साठ मैलांच्या वेगातसुद्धा ही गाडी जे देते, ते माझ्या आधीच्या जर्मन गाडीने नव्वदलाही दिलं नाही. स्टिअरिंगमधून रस्त्याची खडी हाताला कळते, डावं चाक रंगाच्या पट्ट्यावरून गेलं तेही कळतं. पार्किंगमध्ये जड, पण चाक थोडं फिरत असलं की हलकंफुल. ब्रेकला सर्वो नसल्याने पहिला आठवडा पाय घाबरतो, मग दुसऱ्या गाड्यांचे ब्रेक नकली वाटायला लागतात. सस्पेन्शन सगळ्यांना वाटतं तसं दगडासारखं नाही. वजनच नाही म्हटल्यावर स्प्रिंग मऊ ठेवता येतात. नॉरफोकच्या ठिगळं लावलेल्या रस्त्यांवर ही हॉट हॅचपेक्षा, म्हणजे तेज इंजिनाच्या हॅचबॅकपेक्षा, सुखाने जाते. शरद ऋतूत मात्र बीटाचे ट्रॅक्टर शेतातून रस्त्यावर चिखल आणून टाकतात, तेव्हा मागचं टोक सांभाळा. पुढे १८५चे टायर, मागे २०५चे, ट्रॅक्शन कंट्रोल नावाची वस्तू नाही.

टप पावसात गळतो. सगळ्यांचाच गळतो, त्यावर लिहीत नाही.

खर्चाचं बोलू. हलक्या गाडीचा हिशेब रोजच्या वापरात फार गोड आहे. गॅलनला पस्तीसच्या आसपास मैल पडतात, तेही पाय आवरून न चालवता. टायर झिजतच नाहीत म्हणा. विमा मर्यादित मैलांच्या क्लासिक पॉलिसीत, माझ्या घरच्या साध्या गाडीपेक्षा कमी. पण सरकारला वजन दिसत नाही. मार्च २००१च्या आधीच्या गाड्यांना इंजिनच्या सीसीवर टॅक्स, १५४९च्या वर गेलं की वरचा दर. म्हणजे माझी सव्वासातशे किलोची चिमणी आणि त्या काळातली तीन लिटरची धूड सलून, दोघींना एकच पैसे. चाळीस वर्षं झाली की माफ होतो, म्हणजे एप्रिल २०४०. तोवर गुडघे राहिले तर बघू.

लंडनला नेणं बंद केलंय. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळात गणपतीला जायचं तर ते यूलेझच्या, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांकडून पैसे घेणाऱ्या पट्ट्याच्या आत, आणि ही युरो-४ या धुराच्या मानकात बसत नाही. साडेबारा पौंड दिवसाचे. प्रसादाच्या मोदकाला साडेबारा पौंड मोजणारा माणूस मी नव्हे. ट्रेनने जातो.

आता पुन्हा दिवा. बाजारात कूलंटच्या पातळीचे सेन्सर मिळतात, टाकीला किंवा वरच्या होसला बसणारे. मी टाकीचा घेतला. बसवायला अर्धा दिवस, भोक पाडताना हात थरथरले, पण बसला. एक छोटा लाल दिवा स्टिअरिंगच्या डावीकडे. पहिल्याच दिवशी थिकथॉर्नच्या चौकात गोल फिरताना लागला. गाडी थांबवली, बघतो तर पाणी बरोबर रेषेवर. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. वळणात पाणी टाकीच्या एका बाजूला चढतं आणि फ्लोट उघडा पडतो. ही गाडी वळणात जितकी जोरात जाते तितका दिवा खरा वाटेनासा होतो. बायको म्हणते, नव्हता तेच बरं होतं. बाबांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर ते बराच वेळ हसत होते.

मी तरी काढणार नाही. खोटा का होईना, बोलतो तरी. आता दिव्याच्या आधी वेळ धरणारा एक मॉड्यूल लावायचा विचार आहे, पाच-सहा सेकंद सलग फ्लोट खाली राहिला तरच दिवा लागेल असा. तयार मॉड्यूलचे चाळीस पौंड सांगतायत. एक टायमर चिप, एक कपॅसिटर आणि एक रिले, याचे चाळीस पौंड मी देणार नाही. कोणी घरी बनवला असेल तर सर्किट द्या. एमओटीच्या, म्हणजे इथल्या वार्षिक तपासणीच्या आधी मागचे टो-लिंक, म्हणजे मागच्या चाकांची दिशा धरून ठेवणारे दांडे, बदलायचेत, ते तुटले तर मागचं चाक वाटेल तिकडे वळतं, त्यामुळे तिथे कंजुषी नाही. त्यासाठी गाडी वर घेतली की वायरिंगही तेव्हाच उरकून टाकेन. उघडलंच आहे तर.