शॉर्टस्टॉप की फर्स्ट बेसमन?
शिवाजी पार्कच्या नेटमध्ये मुलाची आधी फलंदाजी किंवा गोलंदाजी पाहतात, क्षेत्ररक्षणाची जागा नंतर ठरते. अमेरिकी बेसबॉलमध्ये मात्र नवोदिताचे मोल तो कुठे उभा राहतो यावरही ठरते. ज्या शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या, म्हणजे धावताना गाठायच्या टप्प्यांच्या, मधला क्षेत्ररक्षक) आडवा झेपावून चेंडू अडवणे आणि तोल सावरायच्या आत पहिल्या बेसवर लांब फेक करणे जमते, त्याला पुढे दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर किंवा, मूळच्या शॉर्टस्टॉप फर्नांडो टाटिस ज्युनियरसारखे, आउटफील्डमध्येही (मैदानाच्या मागच्या भागात) हलवता येते. पहिल्या बेसवर उभ्या राहणाऱ्या फर्स्ट बेसमनला अशी पळवाट जवळजवळ नाहीच. त्याची सारी भिस्त बॅटवर. डेट्रॉइट संघाने २०२० मध्ये नवोदितांच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्टमध्ये) सर्वांत आधी निवडलेला स्पेन्सर टॉर्कलसन महाविद्यालयात फर्स्ट बेसवर खेळत असे, तरी संघाने त्याला तिसऱ्या बेसचा खेळाडू म्हणून जाहीर केले! बॅट तुल्यबळ असेल, तर मी शॉर्टस्टॉपच घेईन.