दाखवला एक टीव्ही, घरी आला दुसरा

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि वर्षभर लांबणीवर टाकलेली खरेदी आम्ही दसऱ्याच्या मुहूर्तावर उरकायचे ठरवले. वडिलांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती. त्यांना आता रंग पुन्हा स्वच्छ दिसू लागले होते, म्हणून टीव्ही चांगलाच घ्यायचा, हे घरात सर्वांचे ठरले होते. पुण्यातील एका मोठ्या दुकानात आमची जी फसवणूक झाली, ती इतर कोणाची होऊ नये म्हणून हे लिहीत आहे.

मी ओएलईडी टीव्हीची चौकशी केली, तेव्हा विक्रेता म्हणाला, "साहेब, ओएलईडी काय नि क्यूएलईडी काय, एकच. कंपनीप्रमाणे नाव बदलतं." हे धादांत खोटे आहे. ओएलईडीमध्ये प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. फोर-के पडद्यावर असे सुमारे ८३ लाख बिंदू असतात, त्यामुळे रात्रीच्या दृश्यातील आकाश तेथे खरोखर काळे दिसते. क्यूएलईडी हा मुळात एलसीडीच. त्याच्या मागे एलईडी दिव्यांचा प्रकाश कायम असतो, पुढचे द्रव स्फटिक तो अडवतात आणि मध्ये क्वांटम डॉट नावाच्या अतिसूक्ष्म कणांचा थर असल्यामुळे रंग अधिक शुद्ध होतात. परंतु काळा रंग राखाडी दिसण्याचा प्रश्न त्या थराने सुटत नाही. तो सुटतो मागचे दिवे वेगवेगळ्या भागांत विभागून, जेथे दृश्य काळोखे असेल तेथील दिवे मंद करण्याची सोय असेल तर. तशी सोय असलेला आणि नसलेला, दोन्ही संच क्यूएलईडी याच नावाने विकले जातात, आणि आमच्या बाबतीत पाणी मुरले ते नेमके येथेच.

ओएलईडी आमच्या आवाक्याबाहेरचा निघाला. त्यानंतर विक्रेत्याने ५५ इंची क्यूएलईडी दाखवला. दुकानात लख्ख उजेड होता आणि पडद्यावर फुले आणि पोपट फिरत होते, म्हणून मी मुद्दाम रात्रीचे दृश्य लावायला सांगितले. काळ्या आकाशात चंद्र स्पष्ट दिसला आणि आजूबाजूला कोठेही राखाडीपणा नव्हता. मनाचे समाधान झाले आणि ६२,५०० रुपये भरून आम्ही घरी आलो.

दोन दिवसांनी संच आला. तो भिंतीवर बसवून माणूस निघून गेला. रात्री दिवे मालवून एक जुना चित्रपट लावला, तर त्याच्या वरखालच्या काळ्या पट्ट्या पाटीसारख्या करड्या दिसत होत्या आणि खालच्या दोन्ही कोपऱ्यांत दूध सांडल्यासारखे फिकट डाग होते. वडील म्हणाले, "काळा रंग धुतल्यासारखा का दिसतोय रे?"

माझ्या मुलीने दुकानात आत्याला पाठवण्यासाठी त्या संचाचा फोटो काढला होता आणि त्यात शेजारचे किमतीचे कार्डही आले होते. कार्डावरील मॉडेल क्रमांक आणि आमच्या संचामागील स्टिकर पडताळून पाहिले, तेव्हा शेवटची दोन अक्षरे वेगळी निघाली. कंपनीच्या संकेतस्थळावर शोधल्यावर उलगडा झाला की, दाखवलेल्या संचात दिवे विभागून मंद होतात आणि आम्हाला दिलेल्या संचात ती सोयच नाही. बिलावर मात्र "५५ इंची क्यूएलईडी टीव्ही" एवढेच छापलेले होते.

खोके उघडलेले आहे, असे सांगून दुकानदाराने हात वर केले. कंपनीचा तंत्रज्ञ येऊन पॅनेलमध्ये दोष नसल्याचे लिहून गेला, आणि त्याचे म्हणणे खोटेही नव्हते, कारण तो संच तसाच असतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तो फोटो जोडला, तेव्हा कोठे तीन आठवड्यांनी दुकानाने किमतीतील फरक म्हणून ७,००० रुपये परत केले. वडिलांना आणखी धावपळ नको होती, म्हणून आम्ही ते घेतले. मला आजही वाटते की जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला हवे होते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तेथे शुल्क नाही आणि तक्रार दाखल करण्यास दोन वर्षांची मुदत असते.

गेल्या आठवड्यात शेजाऱ्यांसोबत त्यांच्या टीव्हीसाठी मी दुसऱ्या दुकानात गेलो होतो. पेन ड्राइव्हवर आमचेच एक काळोखे दृश्य नेले, चित्राची मांडणी दुकानी भडकपणावरून साध्या प्रकारावर आणायला लावली, आणि पैसे देण्यापूर्वी संपूर्ण मॉडेल क्रमांक बिलावर मागितला. संगणकातून तो छापला जात नाही, असे काउंटरवरचा मुलगा म्हणाला. आम्ही तेथेच थांबून राहिलो. अखेर त्याने तो शेवटच्या अक्षरापर्यंत हाताने लिहिला आणि त्यावर दुकानाचा शिक्का मारला. घरी खोके आले, तेव्हा शेजाऱ्यांनी बिल हातात धरून बाहेरचे स्टिकर अक्षर अक्षर जुळवले आणि मगच बसवणाऱ्याला चिकटपट्टी कापू दिली.