‘रक्तावरून ऑटिझम कळतो’ म्हणणाऱ्यांना पैसे देण्याआधी

इंदूरमधल्या काही मराठी घरांतून, सुदामा नगर आणि लोकमान्य नगरकडून, एकाच छापाचे रिपोर्ट पाहण्यात आले. मूल दोन-अडीच वर्षांचं, अजून बोलत नाही, हाक मारली तर वळत नाही. अशा वेळी व्हॉट्सॲपवर ऑटिझमच्या ‘ब्लड पॅनल’ची, म्हणजे एकत्र विकल्या जाणाऱ्या तपासण्यांच्या संचाची, ‘९० टक्के अचूक’ म्हणणारी जाहिरात येते. फोन केला की गोड बोलणारी ‘काउन्सेलर’ आधी यूपीआयवर पैसे घेते, मग घरी सॅम्पल घ्यायला माणूस पाठवते. काही दिवसांनी रंगीत पीडीएफ येतो, शेवटच्या पानावर लाल पट्टीत ‘हाय रिस्क’. लगेच दुसरा फोन, आता ‘डिटॉक्स’च्या पॅकेजसाठी. खरी कमाई तिथे आहे, तपासणी हे नुसतं आमिष.

ऑटिझमचं निदान रक्तावरून करणारी मान्य तपासणी आज कुठेच नाही. निदान होतं ते मुलाचं वागणं बघून आणि पालकांशी सविस्तर बोलून. रक्तावरचं संशोधन खोटं नाही. ऑटिझम असलेल्या काही मुलांच्या रक्तात सेरोटोनिन हे रसायन जास्त असतं हे १९६१ पासून माहीत आहे. पण ते साधारण चौथाई-तृतीयांश मुलांतच, आणि ऑटिझम नसलेल्या काहींतही आढळतं. एका मुलाबद्दल त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

जाहिरातीतल्या ‘९० टक्के अचूक’ या दाव्याचा हिशेब मांडून बघा. हजार मुलांत दहांना ऑटिझम आहे असं धरा. दहांपैकी नऊ पकडली जातील. उरलेल्या ९९० पैकी दहा टक्के, म्हणजे ९९ मुलंही उगीच पॉझिटिव्ह येतील. १०८ लाल पट्ट्यांमागे खरी नऊ!

सॅम्पल कसं घेतात तेही बघा. रडून लाल झालेल्या मुलाला दोघं धरतात, दंडाला पट्टा बराच वेळ आवळलेला, नळी बर्फाशिवाय पिशवीत. रडण्यानं आणि पट्ट्यानं लॅक्टेट वाढतं, नळी तशीच राहिली की अमोनियाही वाढतो. मग त्या वाढलेल्या आकड्यांवरून रिपोर्टात लिहून येतं, ‘मायटोकॉन्ड्रियाचा दोष’, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागाचा दोष.

पॅनलमध्ये आयजीजी फूड टेस्टही असते. आयजीजी म्हणजे रक्तातली एक प्रकारची अँटीबॉडी. आयजीजी वाढलं म्हणजे मुलानं तो पदार्थ खाल्लाय, एवढंच. ती ॲलर्जी नव्हे. तरी दूध, गहू, अंडं सगळं बंद करायला सांगतात. आधीच चार-पाच पदार्थांवर अडून बसलेल्या मुलाचे घास असे काढून घेणं फार वाईट.

सगळ्यात धोकादायक म्हणजे ‘हेवी मेटल’, म्हणजे शिशासारख्या जड धातूंची तपासणी. आधी कॅप्सूल देऊन मग लघवी तपासतात. ती कॅप्सूल धातू ओढून बाहेर काढते, त्यामुळे कोणाच्याही लघवीत ते वाढलेले दिसणारच, आणि औषध न देता काढलेल्या नॉर्मल आकड्यांशी त्यांची तुलना होते. पुढे चिलेशन, म्हणजे औषधानं शरीरातले धातू बाहेर काढण्याचा उपचार, सुचवतात. २००५ मध्ये अमेरिकेत ऑटिझम असलेला पाच वर्षांचा मुलगा चिलेशनच्या सलाईननंतर कॅल्शियम घसरून दगावला. शिशाची खरी शंका असेल, म्हणजे मूल माती किंवा रंगाचे पापुद्रे खात असेल, तर कोणतंही औषध न देता रक्तातलं शिसं मोजतात.

‘आमची लॅब एनएबीएलची आहे’ एवढ्यावर विसंबू नका. एनएबीएल ही लॅबना मान्यता देणारी संस्था. ती मान्यता तपासणीनिहाय असते. सीबीसीची, म्हणजे रक्तपेशींच्या साध्या मोजणीची, असली म्हणून या पॅनलची असतेच असं नाही. प्रमाणपत्राचा क्रमांक मागा आणि एनएबीएलच्या वेबसाइटवर ‘स्कोप’ उघडून त्यात तपासणीचं नाव शोधा.

शंका असेल तर सुरुवात कानापासून करा. ऐकू न येणारं मूलही हाकेला वळत नाही. १६ ते ३० महिन्यांच्या मुलासाठी एम-चॅट या ऑटिझमच्या प्राथमिक चाचणीचे वीस प्रश्न बालरोगतज्ज्ञ विचारतात. तीन ते सात गुण आले तर पुढचे प्रश्न विचारून खातरजमा करतात, आठ किंवा जास्त आले तर थेट पुढच्या तपासणीला पाठवतात. सरकारी सोय हवी असेल तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसीची, म्हणजे लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून मदत करणाऱ्या केंद्राची, चौकशी करा. डॉक्टर जनुकीय तपासणी सांगतील तर ती कारण शोधण्यासाठी असते. स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपी मात्र कुठल्याही रिपोर्टसाठी थांबवू नका.

पैसे गेलेच असतील तर जाहिरातीचा स्क्रीनशॉट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि पीडीएफ जपून ठेवा. ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत दोन वर्षं असते, आणि पाच लाखांपर्यंतच्या रकमेला शुल्क नाही. रिपोर्टातलं हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड) तेवढं आपल्या डॉक्टरांना दाखवा, ते कामाचं असू शकतं.