घरच्या रेल्वेवर ओव्हरहेड तार: दिवाळी ते गणपती वापरून झाल्यावर

मंडळी, घरात मॉडेल रेल्वे आहे आणि आता वर विजेची तार पण पाहिजे असं डोक्यात बसलेले लोक अधूनमधून विचारतात की घेऊ का नको. मी गेल्या दिवाळीला तार चढवली, मधे थंडी, उन्हाळा आणि आपला कोल्हापूरचा अख्खा पावसाळा जाऊन गणपती पण आले, म्हणजे आता बोलायला हरकत नाही. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी: तार टाका, लय भारी दिसतं, पण तिच्यातून करंट सोडायच्या भानगडीत पडू नका, आणि तार दोन्ही टोकांना घट्ट सोल्डर करून मोकळं होऊ नका, ती ताणावरच राहिली पाहिजे. बाकीच्यांनी निवांत वाचा, मोठं झालंय.

माझं लेआउट राजारामपुरीतल्या घरात वरच्या खोलीत आहे, वर पत्रा, त्यामुळं मे महिन्यात भट्टी. एच-ओ स्केल म्हणजे १:८७, रुळाची रुंदी १६.५ मिलिमीटर. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं, ते या स्केलला खरं तर १९ च्या वर जातं, पण तेवढा हट्ट धरला तर रूळही स्वतः बनवायला लागतात, तेवढा वेळ कुणाकडं आहे. इंजिन स्विस रेल्वेचं आरई ४६० आहे. हेच का, तर आपल्या रेल्वेचं डब्ल्यूएपी-५ इंजिन आणि हे दोन्ही एबीबी कंपनीच्या घरातली, दोन्हीला चार अ‍ॅक्सल, रंग बदलला की पाहुण्यांना पटतं. रेल्वेतले जाणकार आले की लगेच तोंड वाकडं करतात, त्यांना चहा द्यायचा.

तार का पाहिजे होती याला कारण साधं. मिरजेकडून येणाऱ्या लाइनवर डिझेलचा धूर बघत मोठा झालो, आता त्याच लाइनवर खांब उभे राहिलेत आणि महालक्ष्मी विजेवर येते. परीख पुलाजवळ उभं राहून वर बघितलं की कळतं, तार सरळ नसतेच, एका खांबावर डावीकडं, पुढच्यावर उजवीकडं अशी नागमोडी जाते. सरळ रुळावर साधारण २०० मिलिमीटर इकडं, २०० तिकडं. तसं नसेल तर पेंटोग्राफच्या, म्हणजे इंजिनाच्या टपावरून तारेला टेकणाऱ्या हाताच्या, वरच्या पट्टीला एकाच जागी घासून खाच पडेल. मॉडेलमधे हे २०० म्हणजे सव्वादोन मिलिमीटर होतात, दिसायला काहीच नाही, पण लांबून डोळ्यांच्या रेषेत बघितलं की तेवढ्यानंच तार खरी वाटते. उंचीचं पण तसंच, खरी तार रुळापासून साडेपाच मीटरच्या आसपास, म्हणजे मॉडेलला ६३ मिलिमीटर. एक पितळी तुकडा ६३ ला कापून त्यालाच गेज बनवलं, प्रत्येक खांबापाशी रुळावर उभा करायचा आणि तार टेकते का बघायचं.

खांबांचं सांगतो. मेन लाइनवर युरोपियन तयार खांब घेतलेत, ब्रॅकेट आणि इन्सुलेटरसकट येतात, काम चोख असतं पण कस्टमसकट हिशोब केला की एकेक खांब हातात घेताना हात थरथरतो. म्हणून मागच्या बाजूला, जिथं कुणाचं लक्ष जात नाही, तिथं सायकलचे स्पोक लावलेत. ही आयडिया मात्र घ्याच. स्पोक दोन मिलिमीटरचा, आपला १५२ मिलिमीटरचा खरा खांब स्केलला पावणेदोन होतो, म्हणजे जवळपास बसतंय. गोल आहे, एच आकाराचा नाही, पण दोन फुटांवरून कुणाला कळत नाही. आणि मुख्य म्हणजे खालच्या टोकाला आटे असतात, निप्पल बोर्डाच्या खालून फिरवलं की खांब केसभर वर-खाली होतो. महागड्या खांबाला ही सोय नाही, तिथं खाली कागदाच्या चकत्या घालत बसायला लागतं. स्पोकला वरती पितळी तारेचा ब्रॅकेट सोल्डर केला, इन्सुलेटरच्या जागी बारीक तपकिरी मणी. मणी महाद्वार रोडला मिळाले, दुकानदार बाई विचारत होत्या मंगळसूत्र करायचंय का.

सोल्डरिंग मला येतं असं मला वाटायचं. सर्किट बोर्डावर येणं वेगळं आणि ०.४ मिलिमीटरच्या दोन तारा हवेत धरून जोडणं वेगळं, कारण दुसरा जोड द्यायला गेलं की शेजारचा पहिला सुटतो. यावर इलाज हुपरीच्या एका चांदी कारागिरानं सांगितला, ते लोक पैंजणाच्या कड्या अशाच जोडतात: आधीच्या जोडावर ओला कागद ठेव, फ्लक्स फक्त जिथं पाहिजे तिथंच लाव, उष्णता भरपूर पण क्षणभरच. एवढंच. त्यानंतर वरची तार, खालची तार आणि मधले उभे ड्रॉपर असे पूर्ण तुकडे लाकडी फळीवर खिळे मारून बनवायला लागलो, म्हणजे सगळे एका मापाचे येतात आणि लेआउटवर जाऊन सोल्डरिंगची इस्त्री फिरवावी लागत नाही. तार फॉस्फर ब्राँझची. रिळावरून काढलेली तार वेटोळीच असते, एक टोक व्हाइसमधे, दुसरं पक्कडीत धरून थोडी ताणेपर्यंत ओढायची, काठीसारखी सरळ होते.

आता मुद्द्याचं, म्हणजे ताण. सगळीकडं सांगतात की तार खांबाला सोल्डर करा, विषय संपला. थंडीत खरंच संपतो. पण हिशोब करा: अर्धा मीटर तार, जानेवारीची सकाळ आणि मेची दुपार यात माझ्या खोलीत २० अंशांचा फरक आरामात पडतो, त्यात तार ०.१७ मिलिमीटर वाढते. वाटतं की हे काय, काहीच नाही. पण दोन्ही टोकं जाम असली तर तेवढी वाढ मधोमध झोळ होऊन खाली येते आणि तो झोळ पाच-सहा मिलिमीटर भरतो! सुरुवातीला ताण दिलेला असला तर थोडी कमी, पण एप्रिलच्या शेवटी मागच्या बाजूच्या जाम तारा कपडे वाळत घालायच्या दोरीसारख्या दिसायला लागल्या आणि पुढच्या बाजूच्या ताणावरच्या तारा जागच्या हलल्या नव्हत्या.

खऱ्या रेल्वेत हाच प्रश्न आहे, म्हणून तर काही अंतरावर खांबाला ती वजनांची चळत लटकलेली असते, पुलीवरून तारेला कायम ओढत राहते, गरमीत वजन खाली, थंडीत वर. आपल्याकडं दोन्ही तारांना मिळून दोन हजार किलोचा ताण असतो आणि वजन तीनास एकच्या पुलीनं लावतात. मी तेच केलं, फक्त तार बोर्डाच्या कडेला मासेमारीच्या दोरीला बांधून, छोट्या पुलीवरून खाली बोर्डाखाली सोडली आणि शंभर ग्रॅमच्या आसपास शिसं लटकवलं. मधल्या खांबांवर तार सोल्डर नाही, हुकात नुसती अडकवलेली, सरकू शकते. मेमधे बोर्डाखाली वाकून बघितलं तर वजन खरंच थोडं खाली आलेलं, सगळ्या लेआउटमधे मला हीच गोष्ट सगळ्यात आवडते आणि ती कुणालाच दिसत नाही.

वळणावर मात्र ताण उलटतो. तार सरळ जायला बघते, खांबांना आतल्या बाजूला खेचते, तिथं स्पोक वाकले, शेवटी तिथं तीन मिलिमीटरची पितळी सळी घालून उद्यमनगरातून आटे पाडून आणले. आणि वळणावर खांब किती जवळ पाहिजेत याचा अंदाज घेऊनच ऑर्डर द्या, नाहीतर खांब कमी पडणारच. माझं वळण ५०५ मिलिमीटर त्रिज्येचं आहे, त्यावर खांब २० सेंटिमीटरवर लावले तर मधल्या जागी तार रुळाच्या मध्यापासून जवळजवळ दहा मिलिमीटर सरकते. खांबापाशी तार पाच मिलिमीटर बाहेर ओढून घेतली की मधे पाचच आत राहते. इथं स्विस इंजिन नडतं. जर्मन पेंटोग्राफ १९५० मिलिमीटर रुंद, स्विस १४५०, म्हणजे मॉडेलला साडेसोळाच, त्यातही टोकं खाली वळलेली. पाचच्या पुढं गेलं की तार शिंगावर येते, तिथून सुटली की पेंटोग्राफ तारेच्या वर उभा राहतो आणि पुढच्या खांबाला जाऊन अडकतो. म्हणून वळणावर १५ सेंटिमीटरवर खांब. गर्दी दिसते, पण चालतंय. नवीन घेणाऱ्यांनी जर्मन इंजिन घ्यावं, वळणं मोठी ठेवायला जागा नसेल तर नक्कीच.

करंटचं काय. जुन्या काळी तारेतून करंट घ्यायचा फायदा होता, एकाच रुळावर एक गाडी रुळाच्या करंटवर आणि दुसरी तारेच्या, दोन्हीचा वेग वेगळा. आता डीसीसी म्हणजे डिजिटल कंट्रोल आलं, प्रत्येक इंजिनाला आपला नंबर, मग ती गरज उरली नाही. आणि दोन रुळांच्या सिस्टीममधे, जिथं दोन रूळ दोन वेगळ्या पोलचे असतात, तारेवरचं इंजिन उलटं ठेवलं की त्याची परतीची चाकं दुसऱ्या रुळावर येतात, गाडी बंद. मेर्कलिन या जर्मन कंपनीच्या गाड्या चालवणाऱ्यांना हा त्रास नाही, त्यांचे दोन्ही रूळ एकाच पोलचे आणि दुसरा पोल रुळांच्या मधोमध असलेल्या बारीक खुंट्यांवर. हौस म्हणून मी एका तुकड्यात करंट सोडून पाहिला. धूळ बसली की ठिणग्या, अंधारात बघायला झकास, पण हेडलाइट फडफडते आणि आवाजाचा डीकोडर (इंजिनातली आवाज काढणारी चिप) सारखा रीस्टार्ट होतो. काढून टाकला. पेंटोग्राफ मात्र तारेला टेकवूनच चालवतो, स्प्रिंग थोडी ढिली करून, नाहीतर तो तारच उचलतो.

रोजच्या वापरात खरा त्रास वेगळाच आणि तो कुणी आधी सांगत नाही: हात. रूळ पुसायचाय, घसरलेला डबा उचलायचाय, प्रत्येक वेळी तार आडवी. त्यात आपल्याकडं गाळप हंगाम सुरू झाला की खिडकीतून काजळी येते, रूळ दोन दिवसांत काळे. तार नव्हती तेव्हा कापड घेऊन फिरवायचो, आता रूळ घासणारा पॅडचा डबा रोज एक फेरी मारतो, त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब, महिन्यातून एकदा तारा हुकातून काढून नीट सफाई. सोल्डर केलेल्या तारा असत्या तर ही सफाई झालीच नसती. पुतण्या येतो तेव्हा तर खोलीला कुलूप, पोरगं गोड आहे पण त्याला तारा वाजवून बघायच्या असतात.

पावसाळ्यात तारेपेक्षा बोर्डानं दगा दिला. जुलैत एमडीएफवाला भाग फुगला, त्यावरचे खांब कललेले दिसायला लागले, मरीन प्लायवर असलेले जसेच्या तसे. तारेचं वजन आणि ताण येणार असेल तर एमडीएफ वापरूच नका, स्वस्त पडलं तरी.

आता घ्यायचं कसं असं विचारणाऱ्यांसाठी: आधी बिनतारेचं लेआउट वर्षभर चालवा, रूळ कुठं हलणार नाहीत याची खात्री करा, मग एक सरळ तुकडा, एक वळण आणि एक पॉइंट, म्हणजे रुळाला फाटा फुटतो ती जागा, एवढ्यावरच तार टाकून बघा. पॉइंटवर दोन तारा एकमेकींना ओलांडतात तिथं फाट्याची तार किंचित वर ठेवायला लागते, ते एकदा जमलं की बाकी सगळं जमतं, आणि नाही जमलं तर पैसे थोडेच गेले. यार्डावर मी तार टाकलेलीच नाही, तिथं डिझेल शंटर ठेवलाय, हाताला जागा राहते. माझा पुढचा भाग रुकडीजवळच्या पंचगंगेवरच्या पुलाचा आहे, तिथं खांबाऐवजी गर्डरलाच ब्रॅकेट द्यायचाय, पितळी पट्ट्या कापायला टाकल्यात, आल्या की बघू.